पंख्याची कळ

आपल्या मराठींत ‘कळ’ हा शब्द मोठा बहुगुणी आहे. पोटांत उठते तीहि कळ, दोन जावांत कोणी लावून देतो तीहि कळ, आणि भिंतीवर दाबली असतां दिवा लागतो तीहि कळच. ह्या महिन्यांत जिची हकीकत वाचकांपुढें मांडावयाची आहे ती कळ तिसऱ्या जातीची खरी. परंतु वेळेवर दखल न घेतल्यास पहिल्या दोन्ही जातींचें काम ती चोख बजावते. जुन्या मोटारीच्या रेडिएटरजवळ जो विजेचा पंखा असतो, त्यास योग्य वेळीं चालूं करणारी व योग्य वेळीं थांबविणारी ही कळ होय. आकारानें ती अंगठ्याएवढी, किंमतीनें कांहीं शें रुपयांची. पण ती बिघडली म्हणजे इंजिनाच्या दुरुस्तीचा आंकडा हजारांच्या घरांत जातो, आणि अविचार झाला तर एखाद्याचें तोंड व हात भाजून निघतात.

नांदेड व लातूर ह्या भागांतील कुटुंबांना हा विषय विशेष जवळचा वाटेल. मारुति ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम ग्राहकाच्या हातीं पडली व २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. तिच्या आणि तिच्या समकालीन बहिणींच्या पिढीच्या गाड्या आमच्याकडील कितीतरी घरांच्या दारांत अद्याप उभ्या आहेत. थोरल्यांनीं घेतली, मधल्यांनीं वापरली, आतां धाकटे तिच्यावर हात बसवून घेत आहेत, अशी ही घरची जुनी गाय! तिचें दूध आटलें नाहीं म्हणून कोणी तिला विकीत नाहीं. पण वैरणपाण्याची चौकशीहि कोणी करीत नाहीं.

प्रथम ही कळ मुळांत कां लागली तें पाहूं. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतां १९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनें २७ बसगाड्यांनिशीं रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. त्या काळच्या गाड्यांना असली कळ नव्हती. पुढें ज्या अँबॅसेडर व प्रीमियर पद्मिनी गाड्या घरोघर दिसूं लागल्या त्यांतहि मूळची व्यवस्था अशी कीं, पंखा पट्ट्यानें इंजिनासच जोडलेला. इंजिन फिरलें कीं पंखा फिरला. त्याला कोणी सांगावें लागत नसे. पुढें लहान गाड्यांत जागा वांचविण्यासाठीं इंजिन आडवें बसविण्यांत आलें. तें आडवें झाल्यावर पट्ट्याचा पंखा समोरच्या रेडिएटरपर्यंत पोंचेना. तेव्हां रेडिएटरपाशीं विजेवर चालणारा स्वतंत्र पंखा आला. स्वतंत्र झाला तो केव्हां चालावें व केव्हां थांबावें हें त्याला कोणीतरी सांगितलें पाहिजे. तें सांगणारी ही कळ.

तिच्या पोटांत मोठी युक्ति आहे. उष्णतेनें सर्वच धातु प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणांत पावत नाहींत. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जखडून तापविल्या, तर अधिक पसरणारी कमी पसरणारीस वांकविते. ही जोडपट्टी अठराव्या शतकांत इंग्लंडांतील प्रसिद्ध घड्याळजी जॉन हॅरिसन ह्यानें आपल्या घड्याळांत वापरली. पुढें १८९६ सालीं गिलोम नामक शास्त्रज्ञानें लोखंड व निकेल ह्यांचा, उष्णतेनें जवळजवळ न वाढणारा मिश्रधातु शोधला. त्यास १९२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या कळींत अशीच जोडधातूची एक लहान चकती असते. भोंवतालचें पाणी सुमारें ९२ ते ९५ अंशांवर गेलें कीं ती ‘टक्’ करून उलटी वांकते व आंतील दोन टोंकें जुळतात. पंखा चालूं होतो. पाणी पांचसात अंशांनीं निवलें कीं ती पूर्ववत् होते, पंखा थांबतो. अचूक अंश गाडीगाडीप्रमाणें निराळे असून ते बहुधा कळीच्या पितळी अंगावरच कोरलेले असतात.

आतां ही कळ बिघडते कशी? प्रत्येक जुळणीच्या वेळीं टोंकांवर ठिणगी उडते. हजारों वेळां ती उडल्यानें टोंकें काळवंडतात व वीज वाहूं देत नाहींत. वरील जोडणींत पाणी व धूळ जाऊन गंज धरतो. चकती वांकून वांकून थकते. कधीं पाण्यांतील क्षार कळीच्या नाकावर बसून तिला उष्णता लागूच देत नाहींत. क्वचित् उलट प्रकार होतो. टोंकें एकमेकांस चिकटून बसतात व पंखा थांबेनासा होतो. त्यानें इंजिन तापत नाहीं, पण बॅटरी बसते.

गाडी तापली कीं आपल्याकडे पहिलें उत्तर ठरलेलें: ‘‘ऊनच असें पडलें आहे, गाडी बिचारी काय करील?’’ हें उत्तर थोडें तपासून पाहूं. रेडिएटरांतील पाणी ९५ अंशांवर असतें. वैशाखांत नांदेडची हवा ४३ अंश धरली तरी दोहोंत ५२ अंशांचें अंतर राहतें. सुखद हवेंत, म्हणजे २५ अंशांत, तें ७० असतें. उष्णता बाहेर जाण्याचें सामर्थ्य स्थूलमानानें ह्या अंतरावर अवलंबून असतें. म्हणजे उन्हानें तें सामर्थ्य सुमारें एक चतुर्थांशानें घटलें, नाहींसें झालें नाहीं. गाडी घडविणाऱ्यानें ही घट धरूनच रेडिएटर केलेला असतो. तेव्हां ऊन हें दुखणें वाढवील. तें उत्पन्न करणारें कारण बहुधा दुसरेंच असतें.

तें कसें शोधावें? संस्कृत पाठशाळेंत तर्कसंग्रह शिकलेल्या वाचकांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द आठवत असतील. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. गाडी भरधांव चालली असतां वारा आपण होऊन रेडिएटरांतून जातो. तेथें पंख्याची गरज नसते. गाडी उभी राहिली कीं वारा थांबतो व सर्व भार पंख्यावर येतो. म्हणून जी गाडी रस्त्यावर शांत असते आणि चौकांत, फाटकापाशीं, बाजारांत उभी राहिली कीं तापते, तिच्या पंख्यांत, कळींत किंवा त्यांच्या विजेच्या वाटेंत दोष आहे असें समजण्यास हरकत नाहीं. जी उलट चालतांना, विशेषतः चढावर, तापते तिचें पाणी कमी असेल, रेडिएटर तुंबला असेल, पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडला असेल. एवढा एक भेद लक्षांत ठेवला तरी अर्धें निदान घरच्या घरीं होतें.

ह्याचें एक उदाहरण गेल्या वैशाखांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलें. नांदेडाहून लातुरास साखरपुड्यासाठीं मंडळी निघाली. लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गें सुमारें १४० किलोमीटरांचा रस्ता. नांदेड गोदेच्या खोऱ्यांत तर लातूर बालाघाटाच्या पठारावर, म्हणजे एकंदरींत चढच. तरीहि सबंध वाटेवर कांटा मध्यावरून हलला नाहीं. लातुरांत शिरल्यावर गंजगोलाईच्या बाजूस, जेथें १६ रस्ते एकत्र येतात, तेथल्या गर्दींत गाडी दहा मिनिटें खोळंबली आणि पुढच्या झांकणाखालून पांढरे लोट निघूं लागले. ‘‘गाडी पेटली!’’ म्हणून रस्त्यावरचे लोक ओरडले. नैयायिकांनीं वाफेस धूर समजून अग्नीचें अनुमान करणाऱ्याची गोष्ट भ्रमाचा दाखला म्हणून सांगितली आहे. तिचें असें प्रत्यक्ष दर्शन क्वचितच घडतें. गाडींतील तरुण मुलगा उतरला, फडकें घेतलें आणि रेडिएटरच्या टोपणास हात घालणार, तोंच मागें बसलेल्या त्याच्या आजी कडाडल्या, ‘‘अरे, थांब! कुकरची वाफ जिरल्याशिवाय कोणी झांकण काढतें का?’’ मुलाचा हात जागच्या जागीं थांबला.

आजीबाईंना मोटारींतलें कांहीं कळत नव्हतें. पण त्यांनीं सांगितलें तें पदार्थविज्ञानास धरून अक्षरशः खरें होतें. रेडिएटरचें टोपण पुष्कळ गाड्यांत आंत सुमारें ०.९ बार इतका जादा दाब राखतें. त्यामुळें आंतील पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. कुकरांत डाळ लवकर शिजते ती ह्याच नियमानें. लातुरासारख्या उंचीवर उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. तेव्हां टोपण उघडतांक्षणीं दाब नाहींसा होतो आणि शंभराच्या वर तापलेलें पाणी एकदम वाफ होऊन उघडणाराच्या तोंडावर उसळतें. म्हणून पहिला नियम हा: इंजिन बंद करावें, गाडी सुरक्षित जागीं सावलींत घ्यावी आणि अर्धा-पाऊण तास टोपणास हात लावूं नये. वरची रबरी नळी हातास कोमट लागेल तेव्हांच, जाड फडकें धरून, टोपण सावकाश फिरवावें. तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आंत गार पाणी ओतूं नये; अशानें धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

त्या दिवशींचा साखरपुडा तासभर उशिरानें कां होईना, पार पडला. परंतु परतल्यावर घरांत जी चर्चा झाली ती मला गाडीच्या तापण्याहून अधिक विचार करण्याजोगी वाटली. त्या घरांत गाडी चालविणारीं माणसें चार. थोरल्या चिरंजीवांना ठाऊक होतें कीं पाणी दर आठवड्यास थोडें कमी होतें. ते मुकाट्यानें बोअरचें पाणी भरीत. मधल्यांनीं फाटकापाशीं कांटा वर चढलेला दोनदां पाहिला होता. गाडी निघाली कीं तो उतरे, म्हणून ते विसरले. धाकट्यास वाटे कीं हीं कामें मोठ्यांचीं. आणि धाकट्या सूनबाईंनीं महिन्यापूर्वीं जेवतांना म्हटलें होतें, ‘‘गाडी दारांत उभी केल्यावर पूर्वीं जो घों घों आवाज यायचा, तो आतां येत नाहीं.’’ त्यावर सासरे हंसून म्हणाले होते, ‘‘बरेंच झालें, कटकट गेली!’’ दुखण्याचें नांव त्या बाईंनीं नेमकें घेतलें होतें. ऐकून घेणारा मात्र कोणी नव्हता. चौघांचें ज्ञान एकत्र केलें असतें तर कोणत्याहि कारागिरास विचारल्याशिवाय रोग कळला असता.

आतां परीक्षेची रीत सांगतों. इंजिन थंड असतां कळीच्या माथ्यावरील जोडणी काढावी. दोन तारांची साधी कळ असेल तर त्या जोडणींतील दोन टोंकें एका आखूड, आवरणयुक्त तारेच्या तुकड्यानें एकमेकांस जोडावींत व किल्ली फिरवून वीज चालूं करावी. इंजिन सुरू करण्याची जरूरी नाहीं. पंखा फिरला तर पंखा, फ्यूज व तारा शाबूत आहेत, दोष कळींत आहे. नाहीं फिरला तर कळीस दोष न देतां प्रथम फ्यूज, मग रिले, मग पंख्याची मोटर तपासावी. हाच अन्वय-व्यतिरेक, फक्त पाटीऐवजीं तारेवर केलेला. हें करतांना पदर, ओढणी, सैल बाही व मुलांचीं बोटें पंख्यापासून दूर ठेवावींत. कांहीं गाड्यांत किल्ली काढल्यावरहि पंखा एकाएकीं सुरू होतो, हें विसरूं नये. आणखी एक इशारा: अलीकडच्या गाड्यांत ही कळच नसते, पाण्याचें उष्णतामान मोजणारा एक संवेदक यंत्राच्या संगणकास वर्दी देतो व संगणक पंखा चालवितो. तेथें वरील प्रयोग मुळींच करूं नये.

ज्यांस काढलेल्या कळीची खात्री करून घ्यावयाची आहे त्यांनीं, स्वयंपाकाच्या उपयोगांत नसलेल्या भांड्यांत पाणी घेऊन, तींत कळीचें नाक दोरीनें बुडवून टांगावें, शेजारीं तापमापक ठेवावा आणि मल्टिमीटर जोडून पाणी तापवावें. कोरलेल्या अंशाच्या जवळपास वाट जुळली आणि निवतांना तुटली तर कळ शहाणी आहे. ती शहाणी निघाली तर रेडिएटरांतील पाण्याची पातळी पाहावी. पाणी उणें असेल तर कळीचें नाक पाण्याऐवजीं हवेंत राहतें. मग चांगली कळहि वेळेवर जागी होत नाहीं. वरील कुटुंबांत दोन्ही दोष होते: कळीचीं टोंकें जळलेलीं आणि एका नळीच्या तोंडाशीं बारीक गळती.

वाटेंत हा प्रसंग आल्यास कारागीर ‘पंखा डायरेक्ट करून देतों’ म्हणतो. घरीं पोंचण्यापुरता हा उपाय वाईट नाहीं. मोडल्या हातास बांधलेल्या फळीसारखा तो आहे. पण फळी म्हणजे बरा झालेला हात नव्हे. थेट जोडलेला पंखा गाडी उभी केल्यावर चालूं राहिला तर बॅटरी बसवितो, सदा फिरून लवकर झिजतो, आणि तो बंद पडला तर कोणास फरकच कळत नाहीं. कोणी समोरच्या फळीवर हाताची स्वतंत्र कळ बसवून घेतात. ती घेतल्यास जाड तार, फ्यूज व रिले ह्यांच्यासह घ्यावी. बारीक तारेंतून पंख्याचा सर्व प्रवाह नेल्यास तार तापून वितळते, आणि मग खरोखरच धूर निघतो. शिवाय जें काम चकती न विसरतां करीत होती तें चार चालविणाऱ्यांच्या स्मरणावर सोंपविलें जातें, हेंहि ध्यानांत घ्यावें.

पंखा चालतच नसेल व पुढें जाणें भागच असेल, तर थंड हवेचें यंत्र बंद करावें आणि गाडींत हिवाळ्याची गरम हवेची सोय असल्यास ती पूर्ण सोडावी. तिचा लहान रेडिएटर इंजिनाची कांहीं उष्णता गाडींत ओढून घेतो. वैशाखांत हा उपचार मंडळींना रुचणार नाहीं. परंतु घामावर निभावलें तर इंजिनाचें शीर वांकत नाहीं. पुष्कळ इंजिनांचें हें शीर अल्युमिनियमचें असतें. अति तापानें तें वांकतें, मधला गॅस्केट जळतो, आणि मग कांहीं शें रुपयांच्या कळीची बचत फार महाग पडते.

नवी कळ बसविणें कठीण नाहीं. इंजिन थंड असावें, बॅटरीची ऋण तार सोडावी, पाणी स्वच्छ भांड्यांत काढून घ्यावें. जुन्या कळीवरील अंश पाहून तेवढ्याच अंशांची नवी आणावी. कमी अंशांची घेतली म्हणजे गाडी अधिक थंड राहील ही समजूत चुकीची आहे, तिनें पंखा उगाच अधिक वेळ चालतो. सोबत नवी वायसर किंवा रबरी कडी घ्यावी आणि पाना बेतानें आवळावा. टांकी नाजूक असते. पाणी भरल्यावर थंड इंजिनच टोपणाशिवाय सुरू करून हवेचे बुडबुडे निघूं द्यावेत, पातळी भरून टोपण लावावें, आणि गाडी उभी ठेवून पंखा दोनदां आपोआप लागून दोनदां थांबेपर्यंत शेजारींच राहावें. दुरुस्ती झाल्याचा पुरावा म्हणजे हें पाहणें. कारागिराची पावती नव्हे.

शेवटीं पाण्याविषयीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून ‘जलदूत’ नांवाची पाण्याची गाडी लातुरास आली. १२ एप्रिलच्या पहिल्या खेपेंत दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें. ज्यांनीं तें पाणी रांगेंत उभें राहून भरलें त्यांना पाण्याचें मोल सांगावयास नको. पण मोटारीस मोल पाण्याच्या मापाचें नसून गुणाचें आहे. काळ्या खडकांतील बोअरचें जड पाणी तापलें कीं त्यांतील विरलेला चुना घट्ट होऊन बसतो. हंड्याच्या बुडाशीं आपण जो पांढरा थर पाहतों तोच. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तो बसला कीं पंखा, कळ सर्व ठीक असूनहि उष्णता बाहेर जात नाहीं. म्हणून बॅटरीसाठीं मिळतें तें शुद्ध पाणी व गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट, त्याच प्रमाणांत, घालावें. हें कूलंट चवीला गोड पण विषारी असतें. सांडलेलें ताबडतोब धुवावें; उघड्या ताटलींत तें ठेवल्यास लहान मूल, कुत्रें किंवा गाय तोंड लावण्याची भीति असते.

एकत्र कुटुंबांतील सामाईक वस्तूचें दैव असें कीं, ती सर्वांची असते म्हणून कोणाचीच नसते. ह्यावर एक अगदीं सोपा उपाय त्या कुटुंबानें आतां केला आहे. गाडीच्या कप्प्यांत एक वही व पेन्सिल ठेवली आहे. जो कोणी गाडीनें जाऊन येईल, मग तो चालविणारा असो वा मागें बसणारा, त्यानें नवें कांहीं ऐकलें, हुंगलें वा पाहिलें असल्यास तारखेसह एक ओळ लिहावयाची. आणि रविवारीं सकाळीं थोरल्यांनीं ती वही वाचावयाची. पहिली ओळ धाकट्या सूनबाईंच्या हातची आहे: ‘‘आज दारांत पंखा लागला व थांबला.’’ घरांतील कमी बोलणाऱ्या माणसाचें म्हणणें वेळेवर ऐकून घेण्याची ही संवय त्या गाडीपुरतीच न राहो, एवढीच प्रस्तुत लेखकाची इच्छा आहे.